एक तार, दोन वाटेकरी : तारवाटपाचे नियम आणि स्वतंत्र इंटरनेट सेवादार

महाविद्यालयांत ब्रॉडबँड इंटरनेटविषयी जी चर्चा होते ती बहुधा वेगाची आणि मासिक देयकाची असते. इमारतीत येणारी तार कोणाच्या मालकीची आहे, आणि तिच्यावरून मालकाखेरीज दुसऱ्या कोणाला सेवा देता येते काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वस्तुतः वेग आणि देयक या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतात. अमेरिकेत १९९९ ते २००५ या काळात हा प्रश्न नियामक आयोग, अपील न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय असा फिरत राहिला, आणि त्या फिरण्यातच लहान इंटरनेट सेवादारांच्या एका संपूर्ण पिढीचे भवितव्य ठरून गेले. भारतात तोच प्रश्न २००४ साली सहा महिन्यांच्या आत निकालात निघाला. अमेरिकेचा अनुभव येथे थोडा विस्ताराने मांडण्याचे कारण असे की, वादाच्या दोन्ही बाजू तेथे लेखी स्वरूपात, आकडे व युक्तिवादांसह नोंदल्या गेल्या. आपल्याकडे तशी जाहीर झडती झालीच नाही.

तारेत जागा किती?

दूरध्वनीसाठी घरोघर टाकलेली तार म्हणजे एकमेकींभोवती पिळलेल्या तांब्याच्या दोन बारीक तारांची जोडी. मनुष्याचे बोलणे समजेल इतपत वाहून नेण्यास या जोडतारेचा अगदी लहानसा भाग पुरतो. सुमारे चार किलोहर्ट्झपर्यंतच्या कंपनसंख्येत आवाजाचे काम भागते. त्याच्या वरची सर्व जागा शतकभर रिकामी पडून होती. १९९० च्या दशकात एडीएसएल हे तंत्र व्यवहारात आले आणि ही रिकामी जागा कामाची ठरली. सुमारे पंचवीस किलोहर्ट्झपासून अकराशे किलोहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यात संगणकीय माहिती धाडता येऊ लागली. त्याच वेळी खालच्या पट्ट्यात दूरध्वनीवरील संभाषणही निर्वेधपणे चालू राहू शकत होते. घरात 'स्प्लिटर' नावाची लहानशी डबी दोन्ही प्रवाह वेगळे करते. दूरध्वनी केंद्रात आवाज नेहमीच्या स्विचकडे जातो आणि माहिती डीस्लॅम नावाच्या यंत्राकडे वळविली जाते. घर केंद्रापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे असेल तर हे तंत्र बहुधा चालत नाही, ही त्याची मोठी मर्यादा.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. डायल-अपच्या काळात इंटरनेट सेवादाराला दूरध्वनी कंपनीची परवानगी काढावी लागत नव्हती. त्याने काही दूरध्वनी क्रमांक घ्यावेत, मोडेम मांडावेत, आणि ग्राहकांनी त्या क्रमांकांवर नेहमीसारखा फोन लावावा, इतके पुरे होते. दूरध्वनी कंपनीच्या दृष्टीने तो एक साधा कॉल होता, आणि कॉल कोणालाही करता येतो. म्हणूनच अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात हजारो स्वतंत्र सेवादार उभे राहिले. कित्येक तर एका गावापुरते होते. ब्रॉडबँडमध्ये मात्र माहितीचा प्रवाह दूरध्वनी केंद्रातच वेगळा काढावा लागतो. केंद्र कंपनीचे, तार कंपनीची, मुख्य वितरण चौकट कंपनीची. आजवर रस्त्यावर दुकान थाटून बसलेल्या व्यापाऱ्याला आता वाड्याच्या आत शिरायचे होते, आणि वाड्याची किल्ली त्याच्याच प्रतिस्पर्ध्याच्या कमरेला होती.

शिरकत आणि तकसीम

परिभाषेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. मराठीत आपण 'वाटप' हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरतो. शेत भावांत वाटले जाते तेव्हा त्याचे तुकडे होतात. विहीर वाटून घेतली जाते तेव्हा विहीर अखंड राहते आणि उपसा विभागला जातो. उर्दूत पहिल्यास तकसीम आणि दुसऱ्यास शिरकत असे निरनिराळे शब्द आहेत. दूरसंचाराच्या कायद्यातही असाच भेद आहे. जुनी दूरध्वनी कंपनी आवाजाची सेवा स्वतःकडे ठेवते आणि त्याच तारेचा वरचा पट्टा दुसऱ्या सेवादाराला भाड्याने देते, त्यास 'लाइन शेअरिंग' म्हणतात. जुनी कंपनी पूर्ण बाहेर पडते, आणि भाड्याने घेतलेल्या अखंड तारेवर एक नवी कंपनी आवाज व दुसरी नवी कंपनी माहिती पुरविते, त्यास 'लाइन स्प्लिटिंग' म्हणतात. प्रस्तुत विवेचन मुख्यतः पहिल्या प्रकाराचे, म्हणजे शिरकतीचे आहे.

दुसऱ्याच्या मालमत्तेतून हक्काने जाणे ही कल्पना नवी नाही. उस्मानी राजवटीत १८६९ ते १८७६ या काळात संकलित झालेल्या 'मजल्ला' या दिवाणी संहितेत वाटेचा, पाण्याच्या पाळीचा आणि सांडपाण्याच्या निचऱ्याचा असे हक्क स्वतंत्रपणे सांगितले आहेत. हक्क-ए-मुरूर आणि हक्क-ए-शिर्ब ही नावे फिक्हच्या अभ्यासकांना परिचित असतील. आपल्याकडील वहिवाटीच्या हक्कांचा १८८२ चा कायदाही याच जातीचा. साम्य आहे ते इतपतच. शेजाऱ्याच्या बांधावरून बैलगाडी नेणारा शेजाऱ्याच्या बाजारपेठेत वाटेकरी होत नाही. तारेवरून जाणारा सेवादार मात्र त्याच घरात, त्याच ग्राहकाला, मालकाशी स्पर्धा करून माल विकतो. मालकाचा विरोध समजण्यासारखा होता तो यामुळेच.

१९९६ चा कायदा आणि वीस डॉलरचे गणित

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ८ फेब्रुवारी १९९६ रोजी दूरसंचार कायद्यावर स्वाक्षरी केली. स्थानिक दूरध्वनी सेवेतील मक्तेदारी मोडणे हा त्या कायद्याचा एक प्रमुख हेतू होता. त्यातील कलम २५१ नुसार जुन्या स्थानिक कंपन्यांनी आपल्या जाळ्याचे घटक सुटे करून नव्या कंपन्यांना वाजवी दराने भाड्याने द्यावयाचे होते. कोणते घटक द्यावयाचे हे ठरविण्याचे काम फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, म्हणजे एफसीसी या आयोगाकडे आले. त्यासाठी कायद्याने एक कसोटीही सांगितली होती. तो घटक न मिळाल्यास नव्या कंपनीच्या सेवा देण्याच्या क्षमतेस बाधा येते काय, हे पाहावयाचे. 'बाधा' या एका शब्दावर पुढील दहा वर्षे खटले चालले.

घरापर्यंतची तांब्याची तार हा घटक भाड्याने मिळू लागला खरा, पण अखंड तार. म्हणजे एखाद्या कुटुंबाला जुन्या कंपनीचा दूरध्वनी तसाच ठेवून स्वतंत्र सेवादाराचे ब्रॉडबँड घ्यावयाचे असेल, तर सेवादाराने त्या घरासाठी दुसरी संपूर्ण तार भाड्याने घ्यावी. जुनी कंपनी स्वतः मात्र दूरध्वनीच्याच तारेवरून एडीएसएल पुरवीत होती, आणि आपल्या एडीएसएलच्या दरात तारेचा खर्च जवळजवळ धरतच नव्हती. तो दूरध्वनीच्या भाड्यात आधीच वसूल होत होता. उदाहरणादाखल समजा, तारेचे मासिक भाडे वीस डॉलर आहे आणि ग्राहक ब्रॉडबँडला चाळीस डॉलर मोजावयास तयार आहे. जुन्या कंपनीच्या हाती चाळीस डॉलर राहतात आणि स्वतंत्र सेवादाराच्या हाती वीस. त्यातूनच त्याने यंत्रे, जागा, कर्मचारी आणि बाहेरच्या इंटरनेटशी जोडणी यांचा खर्च भागवावयाचा. शिवाय कित्येक घरांपर्यंत दुसरी मोकळी तार मुळात नव्हतीच. अशा परिस्थितीत कार्यक्षमता कितीही असली तरी ती निरुपयोगी होती.

एफसीसीने हा अन्याय ओळखला. १८ नोव्हेंबर १९९९ रोजी मंजूर आणि ९ डिसेंबर १९९९ रोजी प्रसिद्ध झालेल्या आदेशाने तारेचा वरचा पट्टा हा स्वतंत्र घटक ठरविण्यात आला, आणि तो भाड्याने देणे जुन्या कंपन्यांवर बंधनकारक झाले. राज्यांच्या नियामक मंडळांनी या पट्ट्याचे जे दर ठरविले ते अखंड तारेच्या भाड्याच्या मानाने किरकोळ होते, काही ठिकाणी तर शून्य. एकाच आदेशाने वरील गणितातील वीस डॉलरची दरी जवळपास बुजली. शिवाय ग्राहकाच्या घरी नवी तार ओढण्यासाठी माणूस पाठविण्याची गरज उरली नाही, आणि डबी व मोडेम टपालाने पाठवून सेवा सुरू करणे शक्य झाले.

साखळी कोठे तुटली

यानंतर स्वतंत्र सेवादारांची भरभराट व्हावयास हवी होती. तशी ती झाली नाही, आणि याचा दोष केवळ जुन्या कंपन्यांच्या माथी मारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गावोगावच्या लहान सेवादाराला प्रत्येक दूरध्वनी केंद्रात आपले यंत्र ठेवणे परवडत नसे. ते काम कोव्हॅड, नॉर्थपॉइंट आणि रिदम्स या तीन कंपन्या करीत. जुनी कंपनी तार भाड्याने देई, या तिघींपैकी एक तिच्यावर डीएसएल चढवी आणि लहान सेवादाराला घाऊक दराने विकी, व तो सेवादार आपल्या नावाने ग्राहकाला देई. ग्राहकाचा फोन बंद पडला की तीन दुकाने एकमेकांकडे बोट दाखवीत. या तीनही घाऊक कंपन्यांनी शेअरबाजारातील तेजीच्या काळात कर्जे काढून शेकडो केंद्रांत यंत्रे बसविली होती. २००० साली तेजी ओसरली, आणि लहान सेवादारांकडील देणी थकू लागली.

नॉर्थपॉइंटमध्ये सुमारे ऐंशी कोटी डॉलर गुंतविण्याचा व्हेरायझनचा करार २००० च्या ऑगस्टमध्ये जाहीर झाला आणि नोव्हेंबरमध्ये मोडला. जानेवारी २००१ मध्ये नॉर्थपॉइंट दिवाळखोरीत गेली. मार्च महिन्यात तिची यंत्रसामग्री एटी अँड टीने विकत घेतली, परंतु ग्राहक घेतले नाहीत. परिणामी सुमारे एक लाख जोडण्या जवळपास एकाएकी बंद पडल्या. त्यांपैकी पुष्कळशा ग्राहकांनी नॉर्थपॉइंटचे नावही ऐकले नसावे. त्यांचा करार लहान सेवादाराशी होता आणि राग निघाला तो त्याच्यावर. रिदम्स आणि कोव्हॅड या दोघींनीही २००१ च्या ऑगस्टमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. कोव्हॅड डिसेंबरात सावरून बाहेर आली, रिदम्स संपली. तारवाटपाचा नियम अशा रीतीने त्याची सर्वाधिक गरज असणारे दोन घटक कोसळल्यावर एकट्या कोव्हॅडच्या आधारावर उभा राहिला.

न्यायालयाचा आक्षेप

२४ मे २००२ रोजी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तारवाटपाचा नियम रद्द ठरविला. न्यायमूर्ती स्टीफन विल्यम्स यांनी लिहिलेल्या या निकालातील मुद्दा बारकाईने पाहण्याजोगा आहे. आयोगाने 'बाधा' मोजताना केवळ दूरध्वनीच्या तारेचा विचार केला. वास्तविक अमेरिकेतील घरांत ब्रॉडबँड पुरविण्यात तेव्हा दूरचित्रवाणीच्या केबल कंपन्या आघाडीवर होत्या. केबलची स्पर्धा डोळ्यांसमोर असताना दूरध्वनीची तार न मिळाल्याने स्पर्धेस बाधा येते असे कसे म्हणता येईल, असा न्यायालयाचा सवाल होता. सक्तीच्या वाटपाची किंमतही असते, हे न्यायालयाने स्पष्ट केले. दुसऱ्यालाही द्यावयाच्या यंत्रणेत कंपनी पैसा कमी गुंतविते, आणि एकाच तारेवर दोघांचे काम चालले की व्यवस्थापनाचा गुंता वाढतो.

हा युक्तिवाद पोकळ नाही. तरीही त्यात एक गृहीतक दडलेले आहे. बाजारात दोन मोठे खेळाडू असले की स्पर्धा आहे, असे ते गृहीतक. ज्या गावात केबल नव्हती तेथे दुसरा खेळाडूही नव्हता. आणि जेथे केबल होती तेथे तर स्वतंत्र सेवादाराला दोन्ही दारे बंद होती, कारण केबल कंपन्यांवर वाटपाचे बंधन कधीच नव्हते. स्पर्धा कंपन्यांची मोजायची की ग्राहकापुढील पर्यायांची, या प्रश्नाला त्या निकालात पुरेसा वाव मिळाला नाही असे म्हणावे लागते.

निकालानंतर आयोगापुढे दोन मार्ग होते. केबलचा विचार करून नियम नव्याने सिद्ध करणे, किंवा सोडून देणे. २० फेब्रुवारी २००३ रोजी झालेल्या मतदानात आयोगाने तो तीन विरुद्ध दोन मतांनी सोडला. या मतदानाची गंमत अशी की नियमनविरोधी म्हणून ओळखले जाणारे अध्यक्ष मायकेल पॉवेल यांनी तारवाटप चालू ठेवण्याच्या बाजूने भिन्नमत नोंदविले, तर स्पर्धेचे कैवारी समजले जाणारे मायकेल कॉप्स व जोनाथन ॲडलस्टीन हे दोन डेमोक्रॅट सदस्य, दूरध्वनी सेवेतील दुसरे वाटप वाचविण्यासाठी केलेल्या तडजोडीत, केव्हिन मार्टिन यांच्याबरोबर गेले. आवाजासाठी माहितीचा बळी दिला गेला असे याचे वर्णन करता येईल. त्या काळी आवाजाचा बाजार मोठा होता, हे या निर्णयामागचे कारण. दहा वर्षांत तो बाजारच आटणार आहे हे तेव्हा कोणाच्या गणितात नव्हते.

ऑगस्ट २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आदेशाने तीन वर्षांची उतरंड आखून दिली. स्वतंत्र सेवादाराला नवे ग्राहक पहिल्या वर्षीच घेता येतील. त्यांच्यासाठी वरच्या पट्ट्याचे भाडे अखंड तारेच्या भाड्याच्या पंचवीस टक्के, दुसऱ्या वर्षी पन्नास, तिसऱ्या वर्षी पंचाहत्तर, आणि त्यानंतर पट्टा मिळणारच नाही. जुने ग्राहक मात्र पूर्वीच्याच अटींवर राहू शकत होते. याच आदेशाने नव्याने टाकलेल्या, घरापर्यंतच्या ऑप्टिकल फायबरला वाटपातून मोकळे केले. व्हेरायझनने २००४ पासून मोठ्या प्रमाणावर फायबर टाकण्यास घेतले, हे या सवलतीच्या समर्थनार्थ सांगितले जाते, आणि ते अगदीच चूक नाही. मात्र फायबर आल्यावर तांब्याची तार नोटीस देऊन काढून टाकण्याची मुभाही कंपन्यांना होती. तार गेली की तिचा वाटाही गेला.

मार्च २००४ मध्ये अपील न्यायालयाने तारवाटप बंद करण्याचा निर्णय वैध ठरविला. कोव्हॅडने क्वेस्टसारख्या कंपन्यांशी खाजगी करार करून काम चालू ठेवले. कायद्याने मिळणारा हक्क आणि करारातून मिळणारी परवानगी यांतील अंतर मात्र दर वेळी करार संपत आला की जाणवत असे.

ब्रँड एक्स : नावाने काय फरक पडतो

उरलेली दोन दारे २००५ मध्ये बंद झाली. कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथील ब्रँड एक्स हा एक लहान सेवादार. केबलवरून मिळणारे इंटरनेट ही 'दूरसंचार सेवा' आहे, म्हणून केबल कंपन्यांनीही आपली वाट इतरांना खुली केली पाहिजे, अशी त्याची मागणी होती. एफसीसीने २००२ मध्ये केबलच्या इंटरनेटला 'माहिती सेवा' या दुसऱ्या वर्गात टाकले होते, आणि त्या वर्गावर असे बंधन नव्हते. २७ जून २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी आयोगाची बाजू उचलून धरली. कायद्याचे शब्द संदिग्ध आहेत, आणि संदिग्ध शब्दांचा अर्थ लावण्याचा अधिकार आयोगाचा, असे न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांच्या निकालाचे सार होते. न्यायमूर्ती ॲन्टोनिन स्कॅलिया यांनी विरोधी मत दिले. लगेच ऑगस्ट २००५ मध्ये आयोगाने दूरध्वनी तारेवरील डीएसएललाही माहिती सेवेच्या वर्गात नेले आणि जुन्या कंपन्यांना एका वर्षाची मुदत दिली. त्यानंतर डीएसएल घाऊक दराने स्वतंत्र सेवादारांना विकण्याचे बंधन राहिले नाही.

ज्या तत्त्वावर ब्रँड एक्सचा निकाल उभा होता, ते तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये लोपर ब्राइट खटल्यात मोडीत काढले. संदिग्ध कायद्याचा अर्थ आता न्यायालयच लावणार. त्याचा लाभ स्वतंत्र सेवादारांना झाला नाही. २ जानेवारी २०२५ रोजी सहाव्या विभागाच्या अपील न्यायालयाने याच नव्या भूमिकेतून ब्रॉडबँड ही माहिती सेवाच आहे असा निर्णय दिला आणि आयोगाचे २०२४ चे नियम रद्द केले. बारा ओळींची व्याख्या वीस वर्षांच्या बाजारपेठेचे रूप ठरविते, याचे याहून स्पष्ट उदाहरण भाषेच्या अध्यापकांना शोधून सापडणार नाही.

जपान आणि फ्रान्स

याच काळात जपानने उलट वाट धरली. एनटीटी या प्रचंड कंपनीला आपल्या तांब्याच्या तारांचा वरचा पट्टा प्रतिस्पर्ध्यांना देणे २००० साली भाग पडले, आणि त्याचे मासिक भाडे दोनशे येनच्या आत राहिले. सप्टेंबर २००१ मध्ये सॉफ्टबँकने याहू बीबी ही सेवा व्यापारी तत्त्वावर सुरू केली. वेग ८ एमबीपीएस, आणि दर बाजारातील प्रचलित दरांहून पुष्कळ कमी. दर उतरविण्याची लाट मग एनटीटीलाही टाळता आली नाही. युरोपीय संघाच्या डिसेंबर २००० च्या नियमाने अखंड तार व तारेतील वाटा, दोन्ही देणे जानेवारी २००१ पासून सक्तीचे केले. फ्रान्समध्ये फ्री या कंपनीने २००२ साली दरमहा २९.९९ युरो या दराने एडीएसएल आणले, आणि तो आकडा पुढे कित्येक वर्षे तेथील बाजाराचा मापदंड राहिला. एफसीसीने करवून घेतलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या हार्वर्डच्या योहाय बेंकलर यांच्या अहवालात, खुल्या वाटपाच्या धोरणाने अनेक देशांत स्पर्धा वाढविली असा निष्कर्ष आहे. दूरध्वनी व केबल कंपन्यांनी त्यावर कडाडून टीका केली.

भारतातील सहा महिने

भारतात सार्वजनिक इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केली, आणि नोव्हेंबर १९९८ च्या धोरणाने हे क्षेत्र खाजगी सेवादारांना खुले झाले. सत्यम इन्फोवे प्रथम आली. तिच्यामागून शेकडो परवाने निघाले, पुष्कळसे एका जिल्ह्यापुरते. हा डायल-अपचा काळ होता, आणि अमेरिकेप्रमाणेच येथेही तारेच्या मालकीचा प्रश्न अजून आड आलेला नव्हता.

२९ एप्रिल २००४ रोजी भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ब्रॉडबँडविषयीच्या शिफारशी सरकारला सादर केल्या. देशात तेव्हा सुमारे चार कोटी तांब्याच्या तारा होत्या आणि त्या जवळजवळ सर्व भारत संचार निगम व महानगर टेलिफोन निगम यांच्या मालकीच्या. महानगरची कक्षा मुंबई व दिल्लीपुरती, म्हणजे बेळगाव, वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेर किंवा हैदराबाद येथे प्रश्न होता तो एकट्या भारत संचारचा. ट्रायने अखंड तार, तारेतील वाटा आणि तयार प्रवाहाची घाऊक विक्री, हे तीनही मार्ग खुले करावेत असे सुचविले. दोन्ही सरकारी कंपन्यांचा विरोध होता. खेड्यापाड्यांत तोट्यात तारा आम्ही टाकल्या, आता शहरांतील मोक्याच्या तारा दुसऱ्यांनी का वापराव्यात, ही त्यांची तक्रार निराधार म्हणता येत नाही. परंतु त्या तारांमागे अनेक दशके जनतेचा पैसा होता, आणि उत्तर द्यावयाचे तर भाड्याचा दर वाजवी ठरवूनही देता आले असते.

१४ ऑक्टोबर २००४ रोजी केंद्र सरकारचे ब्रॉडबँड धोरण जाहीर झाले. त्यात तारवाटपाची सक्ती नव्हती. तारेचे मालक आणि इतर सेवादार यांनी परस्परसंमतीने व्यापारी करार करावेत, इतकेच म्हटले होते. मालकाला करार करण्याची निकड नसताना 'परस्परसंमती' हा शब्द कागदावरच राहतो, आणि तो राहिला. २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड, अशी व्याख्या करणाऱ्या त्याच धोरणाने २०१० पर्यंत दोन कोटी ब्रॉडबँड जोडण्यांचे उद्दिष्ट ठेवले होते. २०१० संपताना त्यांची संख्या एक कोटीच्या थोडी पुढे होती. हे केवळ तारवाटप न झाल्यामुळे घडले असा दावा करता येणार नाही. संगणकाची किंमत, वीज, प्रादेशिक भाषांतील मजकुराची वाण, ही कारणेही होती. तथापि जपानमध्ये ज्या दाराने स्पर्धा आत आली ते दार येथे उघडलेच गेले नाही, ही वस्तुस्थिती आहे.

महाविद्यालयांच्या अनुभवात याचा ठसा शोधावयाचा तर २००९ साली सुरू झालेल्या, माहिती तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानाकडे पाहावे. त्यात महाविद्यालयांना ५१२ केबीपीएसच्या जोडण्या देण्यात आल्या. खर्चाचा पंचाहत्तर टक्के भार केंद्राने उचलला आणि पंचवीस टक्के संस्थांनी. योजना उदार होती. पुरवठादार मात्र भारत संचार व महानगर हेच. जोडणी बिघडली की प्राचार्यांनी दुसऱ्या सेवादाराकडे जावे, असा पर्याय त्या तारेवर नव्हता.

स्वतंत्र सेवादार भारतात नाहीसे झाले नाहीत. त्यांनी दुसरी वाट काढली. दूरचित्रवाणीची केबल टाकणारे गल्लीतील चालक, त्यांचे खांब आणि गच्च्यांवरून ओढलेल्या तारा यांच्या साहाय्याने त्यांनी स्वतःचे जाळे विणले. हैदराबादेत बीम या स्थानिक कंपनीने असा मोठा व्याप उभा केला, तो पुढे बंगळुरूच्या एसीटीने घेतला. या वाटेचे मोलही द्यावे लागले. जेथे एक तार तिघांना पुरली असती तेथे तिघांच्या तीन तारा लोंबू लागल्या, आणि लोकवस्ती दाट व ग्राहक पैसेवाला असेल तेथेच त्या ओढणे परवडे. गावाबाहेरचे महाविद्यालय, वस्तीच्या टोकाची शाळा, मदरशाला लागून असलेले ग्रंथालय, ही ठिकाणे या हिशेबातून सुटली. पुढे ब्रॉडबँडची किमान मर्यादा २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस झाली, मोबाइलने बहुसंख्य जोडण्या आपल्याकडे ओढल्या, आणि तांब्याची तार मागे पडली.

तार बदलली तरी प्रश्न तोच आहे. त्याचे स्थान आता तारेऐवजी तारेच्या नळीत आहे. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या २०११ च्या योजनेत, जिला पुढे भारतनेट हे नाव मिळाले, सर्व सेवादारांना भेदभाव न करता वापर देण्याचे तत्त्व होते. भारत संचार आता स्थानिक केबलचालकांशी उत्पन्नाच्या वाटणीचे करार करून फायबर घरोघर पोचविते. २००४ मध्ये जे सक्तीने नको होते ते आता गरजेपोटी, उलट्या दिशेने आले आहे. तार चालकाची आणि सेवा निगमाची. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात सामाईक नळ्या व केबलमार्ग उभारून ते खुल्या वापरासाठी ठेवण्याची तरतूद आहे, आणि मार्गाधिकाराचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले आहेत. महाविद्यालयाच्या आवारात रस्ता खणून नळी टाकण्याची परवानगी मागणारा अर्ज आता प्राचार्यांच्या टेबलावर येतो, तेव्हा त्या अर्जात एक ओळ पाहण्यासारखी असते. ही नळी दुसऱ्या सेवादाराला वापरू दिली जाईल काय, आणि कोणत्या दराने. बहुतेक अर्जांत ती ओळ नसते. परवानगी देणारी संस्था ती घालण्यास सांगू शकते, कारण येथे जमीन तिची आहे.